साठ वर्षांच्या गृहस्थांना विचारलेला प्रश्न

तीर्थरूप मावशीस,

थोरल्या भाचीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? डावा जास्त छळतो की आता उजव्यानेही मनावर घेतलं? आमच्याकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते; त्यातलं खरं किती ते तू पुढचं वाचून ठरव. मी औषधशास्त्राच्या प्रात्यक्षिकात नापास झाले. ही बातमी तुला दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी माझ्याकडूनच कळावी म्हणून हा पत्रप्रपंच. आईने तुझा उरलेल्या गोळ्यांचा डबा कचऱ्यात ओतला त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून तू आमचा उंबरा ओलांडलेला नाहीस आणि आईने तुला फोन केलेला नाही. (दोघींत जास्त हट्टी कोण, याचा निकाल अजून राखून ठेवलेला आहे.) त्या भांडणात मला पडायचं नाही. तू शेजारणीला दिलेली ‘पिवळी, अर्धी, जेवणानंतर’ तिला लागू पडली होती, हे मी मान्य करते. ती कशावरची होती हे तुलाही आठवत नव्हतं, हेही तू मान्य कर.

तर नापास कशी झाले ते सांगते. तुला माहीत आहेच की आमच्या नर्सिंग कॉलेजात औषधशास्त्र आईच शिकवते. फाटकाच्या आत ती मॅडम आणि बाहेर आई, असा नियम तिने पहिल्याच दिवशी घालून दिला. तो इतका अंगवळणी पडला की एकदा घरी मी ‘मॅडम, जेवायला वाढता का’ म्हणाले आणि बाबाही घाईघाईने ताठ बसले. मुलीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून ती मला इतरांपेक्षा दोन मार्क कमीच देते. वर्गात तिचं एक वाक्य ठरलेलं आहे. बारा वर्षांपासून पंचावन्न वर्षांपर्यंत समोर कुठलीही बाई येऊ दे, औषध हातात घेण्याआधी तिला विचारायचं, शेवटची पाळी कधी आली होती? तिचं लग्न झालंय का, तोंडावर काय दिसतं, तिला काय वाटेल, हे आपण ठरवायचं नाही. कारण काही औषधं आईला गुण देतात आणि पोटातल्या बाळाला इजा करतात, आणि ते बाळ काही तक्रार घेऊन आपल्याकडे येत नाही.

मागच्या महिन्यात वॉर्डात मी हाच प्रश्न विसरले. एक बाई कंबरदुखीने आल्या होत्या. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी मी वाटीत काढून पुढे केली, तोच आई मागून आली (ती नेहमी मागूनच येते), तिने वाटी काढून घेतली आणि विचारलं. बाई सहाव्या महिन्यात होत्या. अंगाने भारदस्त असल्यामुळे माझ्या लक्षात आलं नाही, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही. त्या महिन्यांत ती गोळी बाळाच्या मूत्रपिंडाला बाधू शकते, हे मी पाठ केलेलं होतं. परीक्षेत विचारलं असतं तर धडाधड सांगितलंही असतं. आईने सगळ्यांसमोर माझी अशी हजेरी घेतली की पलीकडच्या पुरुषांच्या वॉर्डातही दोघांनी कण्हायचं थांबवलं. वर तो प्रश्न वहीत शंभर वेळा लिहायला लावला. रागावण्यासारखंच होतं ते. मी त्या दिवशी संडासात जाऊन रडले, पण बोलणी बसली म्हणून नाही. ती वाटी पुढे करणारा हात माझा होता म्हणून.

तेव्हापासून मी कुणालाही सोडलं नाही. मोतीबिंदूच्या एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींना विचारलं, तर त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि सुनेला बोलावून तो प्रश्न मला पुन्हा विचारायला लावला. रक्त तपासायला आलेल्या एका वकीलबाईंनी हा प्रश्न कोणत्या अधिकारात विचारता असं विचारलं. मी म्हटलं, मॅडमच्या. झोपेतही मी तो बडबडते अशी धाकट्या बहिणीची तक्रार आहे. अशा तयारीने मी प्रात्यक्षिकाला गेले.

आमच्याकडे प्रात्यक्षिकात रुग्ण म्हणून कॉलेजचे शिपाईकाका झोपतात. वीस वर्षं ते हेच काम करत आलेत आणि आता दमा, कावीळ, हृदयविकार अशा सगळ्यांत त्यांचा हात बसलेला आहे. (बाळंतपणही मागितलं तर करतील.) नेमके त्या दिवशी ते खरंच आजारी पडले. बाहेरून आलेल्या परीक्षकबाई घड्याळ बघायला लागल्या, तेव्हा आई स्वतःच खाटेवर चढली आणि हनुवटीपर्यंत ब्लँकेट ओढून घेतलं. माझ्या हातात कार्ड आलं. रुग्ण पुरुष, वय साठ, रक्तदाब; पुढे गोळीचं नाव. मी नाव, जन्मतारीख, ॲलर्जी सगळं बरोबर विचारलं. मग समोर आईचा चेहरा, हातात औषध आणि डोक्यात ते शंभर वेळा लिहिलेलं. व्हायचं तेच झालं. खणखणीत आवाजात मी त्या साठ वर्षांच्या गृहस्थांना विचारलं, शेवटची पाळी कधी आली होती?

मुली हसल्या. परीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं. आता आई उठून बसणार आणि मला खाटेखाली घालणार, असं मी धरून चालले होते. पण आई उठली नाही. तिची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. ब्लँकेटखाली तिची बोटं हलताना मला दिसत होती; एकदा मोजून झालं, दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं. मावशी, आई चव्वेचाळीस वर्षांची आहे. वय झालं, पाळी बंद व्हायला आली, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. आणि कार्डावर ज्या गोळीचं नाव होतं तीच गोळी ती दोन वर्षं रोज सकाळी चहाआधी घेते. तीच ती आम्हाला लाल चौकटीत लिहायला लावते, खाली दोन रेघा ओढून: गरोदरपणात देऊ नये. हसणं केव्हाच थांबलं होतं. मी म्हटलं, हे औषध मी आत्ता देणार नाही, डॉक्टरांना विचारते. आई हळूच म्हणाली, ‘विचार.’

त्या परीक्षेत मला शून्य मिळालं. कार्ड नीट न वाचणे आणि पुरुष रुग्णास अनावश्यक प्रश्न, असा शेरा आहे. त्याखाली दोन सह्या लागतात आणि दुसरी आईची आहे.  घरी येताना तिने औषधाच्या दुकानातून तपासणीची पट्टी घेतली. (दुकानदार ओळखीचा, त्याने ती माझ्यासाठी आहे असं समजून माझ्याकडे फार दुःखाने पाहिलं.) संध्याकाळी दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. अकरा आठवडे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, त्या गोळीऐवजी गरोदरपणात चालणारी दुसरी लिहून दिली आणि म्हणाल्या, बरं झालं आत्ता कळलं. जास्त धोका पुढच्या महिन्यांत असतो. आत्तापर्यंत काही बिघडलं असेल असं त्यांना वाटत नाही, पण खात्रीचं उत्तर दोन महिन्यांनी नीट सोनोग्राफी केल्यावरच. बाळाचे ठोके आम्ही ऐकले. आई बाळ ठेवणार म्हणाली. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पाना काढून न गळणारा नळ दुरुस्त केला. आता तो गळतो.

कॉलेजात आई तशीच आहे. कालच एका मुलीला तिने डोसाचा हिशेब चुकला म्हणून उभं केलं. घरी मात्र ती स्वयंपाकघरात उभी राहते आणि तिला का उभी आहे ते आठवत नाही. माझी फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे. बाकी ठीक. गुडघ्यांना जप, आणि उत्तर पाठव.

तुझी,
सध्या नापास भाची

ता. क. फेरपरीक्षेसाठी शिपाईकाका बरे झाले आहेत. त्यांना मी काहीही विचारणार नाही.

ता. क. २. वर ‘बाकी ठीक’ लिहिलंय ते खोटं आहे. मावशी, तू ये. सोनोग्राफीच्या दिवशी आईजवळ तू हवीस. मी आहे, पण मी तिची विद्यार्थिनी आहे. माझ्यासमोर ती घाबरू शकत नाही. बाबा घरातल्या दुसऱ्या नळाकडे बघायला लागलेत. हे पत्र मी तिला न सांगता लिहिते आहे. फक्त एक कर. ‘मला अक्कल शिकवत होतीस, आणि स्वतः काय गिळत होतीस?’ हे वाक्य तुझ्या जिभेवर आत्ताच आलं असेल. तेवढं बोलू नकोस.

ताई,

हिने ‘न सांगता’ लिहिलेल्या पत्राचं पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. डॉक्टर अकरा नाही, साडेअकरा म्हणाल्या होत्या. बाकी मजकूर बरोबर आहे.

ते वाक्य बोललीस तरी चालेल. रोज बोल. पण ये.