फ्रँकफर्ट ते दापोडी

२ नोव्हेंबर १९७८
भीमराजचं पत्र. चार वर्षांनी पोरगा येतोय! जर्मनीतली कंपनी त्याला सिंगापूरला पाठवतेय. येत्या बारा तारखेला, रविवारी, सकाळी दहाला सांताक्रूझला उतरणार. संध्याकाळी पाचला पुढचं विमान. 'भेट व्हावी असं फार वाटतं' असं लिहिलंय. म्हणजे घरी येणार.

३ नोव्हेंबर
कॅलेंडरवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवली. फ्रँकफर्ट ते मुंबई साडेसहा हजार किलोमीटर. विमानाला नऊ तास. म्हणजे एक शिफ्ट आणि थोडा ओव्हरटाइम! आमच्या गावाला एस.टी.ने याहून जास्त लागतात. लोक उगाच परदेश परदेश करतात. कारखान्याच्या स्टोअरमधल्या खंडूला हे सांगितलं. तो म्हणाला, मग चार वर्षांत आला का नाही? खंडूशी बोलणं बंद.

५ नोव्हेंबर
बायकोचं भलतंच. कस्तुरा म्हणते, आपणच सांताक्रूझला जाऊ, काचेतून का होईना, तोंड तरी दिसंल. साफ नाही म्हटलं. इंजिनिअर माणूस आईबापाला काय विमानतळावर भेटणार? घरदार आहे आपल्याला. हिशेब मांडून दाखवला. हातात सात तास. टॅक्सीने दापोडी चार तास. उरले तीन. जेवण एक, गप्पा दोन.
ती म्हणाली, आन् परत जायाला?
प्रत्येक गोष्टीत खोडा. पंधरा वर्षं स्टोअर सांभाळतोय, एक नट इकडचा तिकडे झालेला नाही.

११ नोव्हेंबर
भिंतींना चुना दिला. शेजारच्या गिरजाबाईंकडून खुर्ची आणली. उद्याचे निश्चय: 'परत कधी येणार' असं विचारायचं नाही. रडायचं नाही. कस्तुरालाही बजावलंय.

१२ नोव्हेंबर, सकाळी १०
उतरला.

दुपारी १
घाट चढून आला असेल. सुकटीचा वास गल्लीभर.

दुपारी ३
घाटात ट्रक बंद पडला असणार. नेहमीचंच आहे. कस्तुरा दारातून हलत नाही. भाकऱ्या झाकून ठेवल्यात.

संध्याकाळी ५
चार वाजता औषधाच्या दुकानात फोन आला. भीमराज. म्हणाला, बाबा, जाऊन-येऊन आठ तास लागतात, निघालोच नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, माझाही हिशेब तोच होता. मग म्हणाला, वाटलं होतं तुम्ही दोघं इथे याल. सकाळपासून काचेपाशी उभा होतो. आई बरी आहे ना?
बरी आहे म्हटलं. मग रडू आलं. दुकानदारासमोर, गिऱ्हाइकांसमोर. थांबेना.

१३ नोव्हेंबर
कामावर गेलो नाही. कस्तुराला काचेचं सांगायची हिंमत झाली नाही. म्हटलं, विमान मुंबईला थांबलंच नाही, सरळ सिंगापूरला गेलं, फोन तिथूनच होता.
तिने चुलीवर आधण ठेवलं. मग उठून माझ्यापुढे चहा ठेवला. म्हणाली, मंग बरं झालं तुमचं ऐकलं. उगाच गेलो असतो. तुमचाच हिशेब बरोबर व्हता.