जावयाला पाण्यात कोण ढकलणार?

९ ऑक्टोबर, गुरुवार

पाण्याची भीती वाटते का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो — नाही. पोहता येतं? — येतं.

दोन खोटी उत्तरं, एका दमात! इंग्रजीत खोटं बोलणं सोपं जातं. आपणच बोललो असं वाटत नाही.

१० ऑक्टोबर

झोप नाही. लिहून काढतो.

मुलाखत स्कॉटलंडच्या कंपनीची होती. काम इथलंच — पवनचक्कीवर चढायचं, गिअरबॉक्स बघायचा, पाती तपासायची. फरक एवढाच, की त्यांच्या चक्क्या समुद्रात उभ्या आहेत. बोटीतून शिडीवर उडी मारायची.

सुप्याच्या वरच्या या पठारावर आठ वर्षं चढतोय. उंचीचं काही वाटत नाही. पण जुन्या चक्क्या उतरवणार आहेत, मार्चनंतर आमचं कंत्राट नाही. वर्षभर बाहेरची नोकरी शोधतोय. जाहिरातीत 'व्हिसा स्पॉन्सरशिप' असं ठळक लिहिलेलं असतं. अर्ज भरत जावं, तर शेवटी प्रश्न येतो — या देशात काम करण्याची परवानगी तुमच्याकडे आहे का? 'नाही'वर बोट ठेवलं की अर्ज बंद. परवानगी असती तर स्पॉन्सर कशाला शोधला असता? नगरच्या एका एजंटानं एकदा नेमणुकीचं पत्रही आणून दिलं. नकाशावर पत्ता शोधला. तिथं बेकरी निघाली.

ही पहिली खरी कंपनी. स्वतः व्हिसा काढून देते म्हणाली. आणि मी खोटं बोललो.

बजरंगनं शिकवलेलं. "इचारतील त्याला यस म्हन. नो म्हननाऱ्याला कोन बोलावतंय?" बजरंग माझा जोडीदार. टॉवरवर एकट्यानं चढायचं नसतं. चढण्याआधी तो मागून माझा पट्टा ओढून बघतो आणि म्हणतो — पक्का. मग मी त्याचा ओढतो. दोन हूक असतात. एक सोडण्याआधी दुसरा अडकलेला पाहिजे.

पाण्यात हूक कुठं अडकवायचा?

१२ ऑक्टोबर

आमच्या गावात पाणी बघायची वस्तू होती. टँकर यायचा, विहिरीत रिकामा व्हायचा, बाया दोर घेऊन धावायच्या. मी एकदा पायरीवर बसून पाय बुडवले. आईनं तिथंच झोडपलं. "प्यायच्या पान्यात पाय घालतोस?" तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी कधी लागलं नाही. नदी, तळं, काही नाही. आता चौतिसावं वर्ष.

१५ ऑक्टोबर

निवड झाली!

त्याखाली अट. समुद्रात जीव वाचवण्याचं प्रशिक्षण पास व्हायचं. चेन्नईच्या बाजूला केंद्र आहे, १० नोव्हेंबरपासून. ते प्रमाणपत्र पोचल्यावरच स्पॉन्सरशिप.

व्हिडिओ बघितला. उंचावरून पाण्यात उडी. उलटलेल्या तराफ्याखाली शिरून दुसऱ्या बाजूनं निघायचं. माणूस खाली जातो आणि काही वेळ दिसत नाही. मी तिथंच बंद केला.

बायकोला, सुकन्येला, मुलाखतीत पास झालो एवढंच सांगितलं. तिनं स्वतःचा पासपोर्ट फडताळातून काढला, पुसला, पुन्हा ठेवला. संध्याकाळी भाकरी थापता थापता मोबाईलवर इंग्रजी शिकवणाऱ्या बाईमागून म्हणत होती — हाऊ मच इज धिस? हाऊ मच इज धिस?

१७ ऑक्टोबर

कंपनीच्या बाईंचा फोन. गोड बोलतात. शेवटी म्हणाल्या, एक गोष्ट स्पष्ट करते. नियम बदललेत. या पदाच्या व्हिसावर कुटुंबाला आणता येत नाही. पत्नीलाही नाही.

किती दिवस? — ते सांगता येणार नाही.

मी थँक्यू म्हणालो. कशाबद्दल?

सुकन्येनं विचारलं, "काय म्हनल्या?" मी म्हणालो, "थंडी लई असते म्हणाल्या."

१८ ऑक्टोबर

तिनं लोकरीची टोपी आणली. निळी. घालून दाखवली. आज सांगायला हवं होतं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

देवळाली प्रवरा. सासरी.

पोहता येत नाही, हे तिला सांगितलं. (तेवढंच सांगितलं.) ती आधी हसली, मग म्हणाली, "चला माझ्या माहेरी. दिवाळी बी हुईल." इथं कॅनॉल आहे, चारी बाजूंनी ऊस, विहीर काठोकाठ. इथली पोरं चालायच्या आधी पोहतात. शिकवायची रीत एकच — पाठीला रिकामा कॅन बांधायचा आणि मागून ढकलून द्यायचं.

सासऱ्यांनी, रंभाजींनी, विहिरीच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. टॉवेल. साबण. चहा. मी पायरीवर उभा. पाणी काळं. तळ नाही.

"जावईबापू, घाई न्हाई," म्हणाले. "पानी कुठं पळून चाललंय?"

भावकीतली चार माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, "द्या की ढकलून!" रंभाजी त्याच्यावर डोळे वटारून म्हणाले, "दिवाळीला आलेल्या जावयाला ढकलतोस? लाज हाय का?"

मी खुर्चीत बसून चहा प्यालो. पाय कोरडे.

२३ ऑक्टोबर

खुर्ची. चहा. आज वर करंजी.

रंभाजी सगळ्यांना सांगतात, "सुकी चालली विलायतेला!" शेजारच्या म्हाताऱ्या लंकाबाईंनी विचारलं, "बरफात लुगडं नेसून घसरशील का गं?" सुकन्या म्हणाली, "घसरले तर हे धरत्यात की!" सगळे हसले. मीही.

२४ ऑक्टोबर

भाऊबंद कामाला गेल्यावर सुकन्या पंजाबी ड्रेस घालून विहिरीवर आली. ओढणी कमरेला. रंभाजी म्हणाले, "अगं, लोक काय म्हनतील?" ती म्हणाली, "दादा, तुमी म्हशीकडं बघा." ते खरंच गेले. सासूबाई, भामाबाई, विळा घेऊन वाटेवर गवत कापायला बसल्या — कुणी आलं तर खोकणार.

आणि सुकन्येनं वरून उडी मारली. डोकं खाली! लग्नाला सहा वर्षं झाली. मला माहीत नव्हतं.

"या खाली," म्हणाली. मी पायरी धरून उतरलो, छातीपर्यंत. मग तिनं माझी बोटं पायरीवरून एकेक करून सोडवली.

पाण्यात ती वेगळीच होते. "पाय मार! अरे, मार की! लाकडासारखा काय झालास?" सहा वर्षांत मला कधी अरे म्हणाली नाही. वर आल्यावर पुन्हा — "अहो, डोकं पुसा."

२५ ऑक्टोबर

चूक सापडली म्हणते. मी श्वास धरून ठेवतो. "धरून ठिवला की घाबरतोस. पान्यात तोंड घालायचं आन सोडायचा. आधी सोड, मग घे."

सोडवत नाही.

२७ ऑक्टोबर

आज मेलो असतो.

पाठीवरच्या कॅनची दोरी मी स्वतः बांधली. टॉवरवाला माणूस, माझ्या गाठीचा मला गर्व. पण तिथं बजरंग मागून ओढून बघतो. इथं कुणी ओढून पाहिली नाही. मीही सांगितलं नाही. ओली झाली आणि सरकली. विहिरीच्या मधोमध कॅन एकीकडे, मी एकीकडे.

खाली गेलो. वर आलो. ओरडलो. पुन्हा खाली. हिरवं, मग काळं. कानात ठोके. मग केस ओढले गेले — ती केसांना धरून मला पायरीकडे आणत होती.

पायरीवर पडून खोकत राहिलो. मला वाटलं ती हसेल, किंवा रडेल. ती ओढणी पिळत बसली. पिळून कोरडी झाली तरी पिळत होती.

भामाबाई धावत आलेल्या. नंतर त्यांना विचारलं, मी काय ओरडलो? मला काहीच आठवत नाही. "मला काय कळलं न्हाई, बाबा," म्हणाल्या आणि गोठ्यात निघून गेल्या.

२८ ऑक्टोबर

वाटलं होतं, आज ती येणार नाही. ती माझ्या आधी विहिरीवर.

कॅन घेऊन गेलो. तिनं तो हातातून काढून घेतला आणि लांब उसात भिरकावला. "आजपासून ह्यो न्हाई."

भीती वाटते म्हणालो. "वाटू दे. उतर."

३० ऑक्टोबर

कडक झाली आहे. थट्टा नाही, हसू नाही. उलटलेल्या तराफ्याच्या जागी तिनं जुनी ताडपत्री पाण्यावर पसरली. खालून जा. पुन्हा जा. पुन्हा. ताडपत्रीखाली अंधार, डोकं वर घेतलं की प्लास्टिक तोंडाला चिकटतं. मी बाहेर येऊन तिला धरायला गेलो की ती हातभर मागे सरकते.

"मला धरायचं न्हाई."

४ नोव्हेंबर

या काठापासून त्या काठापर्यंत. एकट्यानं! चार वेळा.

काठावर बसून ती बघत होती. डोळे लाल. पाण्यानं होतात म्हणाली. ती आज पाण्यात उतरलीच नव्हती.

आज सांगणार होतो. तोंड उघडलं. रंभाजी आले — "जमलं का, जावईबापू? आता दोघं सुखानं जावा!" सुकन्या उठून म्हशीला पाणी दाखवायला गेली.

७ नोव्हेंबर

उद्या निघायचं. टॉवरवरून पडायची भीती मला कधी वाटली नाही, कारण हूक दिसतो. ही भीती वेगळी. नापास झालो तर घरी बसेन. पास झालो तर हिला सांगावं लागेल. कुठली मोठी, ते ठरवता येत नाही. एक वाईट गोष्ट लिहितो, कुणी वाचणार नाही म्हणून — नापास व्हावं असंही वाटतं.

८ नोव्हेंबर

श्रीरामपूरहून गाडी. ती स्टेशनपर्यंत आली. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवलेला, गाडी चुकेल असं वाटलं. चुकली नाही.

डब्यात चढताना तिनं मागून माझ्या सॅकचा पट्टा ओढून बघितला. बजरंगची गोष्ट मी तिला कधीतरी सांगितली होती.

"पक्का," म्हणाली.

मी वळून पाहिलं तेव्हा ती चालायला लागली होती.

१० नोव्हेंबर

लाल सूट. पाणी विहिरीसारखं नाही, हलतं. माझ्या आधी एक केरळचा मुलगा, त्यानं उडी मारताना गाणं म्हटलं. मी डोळे मिटून मारली.

११ नोव्हेंबर

तराफ्याखाली अंधार. ताडपत्रीसारखाच. कानात तिचं — आधी सोड.

सोडला. निघालो.

१२ नोव्हेंबर

पास. कंपनीच्या बाईंना कळवलं. तासाभरात उत्तर — अभिनंदन, आता स्पॉन्सरशिपचं काम सुरू करतो.

बजरंगचा फोन. "बघ! मी म्हनलो न्हवतो, यस म्हन?"

सुकन्येला अजून फोन केलेला नाही.

१३ नोव्हेंबर

केला. सांगून टाकलं — तुला नेता येणार नाही.

"ठावं हाय," ती म्हणाली. "त्या दिशी बुडताना हेच वरडत व्हतास."

दुसऱ्याच दिवशी तिनं कॅन उसात फेकला होता.