राक्षसिणीच्या ताटातले तुकडे

मंगळवार, सोलापूर

आज स्वतःचीच लाज वाटतेय. माझ्या नव्या कादंबरीत एक राक्षसीण आहे. ती अख्ख्या भाकरी दुसऱ्यांना वाढते, मोडलेले तुकडे स्वतः खाते आणि त्या उपकारात माणसांना बांधून ठेवते. ही सवय मी माझ्या बायकोची, महादेवीची उचलली. कडक भाकरी डब्यातून काढताना मोडतातच. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तुकडे कायम तिच्या ताटात. मला त्यात कावा कसा दिसला? की गोष्टीला हवा होता म्हणून?

दुपारी तिनं पुस्तक वाचून संपवलं. जेवायला बसलो, तर तिनं अख्खी भाकरी स्वतःला घेतली आणि तुकडे माझ्या ताटात घातले.

"मी कुणाला बांधून ठिवलं न्हाय," एवढंच म्हणाली.

"अगं, ती नुसती कल्पना होती," मी म्हणालो. तेही खोटंच. प्रेमावर तीनशे पानं लिहिणारा मी!

मग शेंगांची आमटी वाढता वाढता सवयीनं तिचा हात माझ्या ताटातल्या तुकड्यांकडे आला. मध्येच थांबला. तिनं तो मागे घेतला.