सारसांच्या तलावाचा राखणदार

महाल, नागपूर
ता. १९ जानेवारी १९४३

ती. प्रयागबाईस,
धाकट्या रुपरावचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. थंडी फार आहे. तुझा खोकला कमी झाला का? तारा सासरी परतण्याआधी हे पत्र तिच्याकडून वाचून घे.

तू लेकीच्या हातून लिहून पाठवलंस, की भाऊजी सरकारी कामावर असताना गेले, तर सरकारकडं भरपाईचा अर्ज कर, तू तर जंगल खात्याच्या दफ्तरातच बसतो. त्याला तीन आठवडे झाले. मी दोनदा उत्तर लिहिलं. रॉकेल मिळत नाही, लढाईमुळं कापड महागलं, एवढंच त्यात होतं. दोन्ही फाडली.

बाई, अर्ज चालणार नाही. भाऊजी गेले तेव्हा ते सरकारी माणूस नव्हते. पगार लढाईपुरता थांबला आहे, असं त्यांनी तुला सांगितलं होतं. तुला घोर लागू नये म्हणून. खरं म्हणजे एप्रिलपासून जागाच गेली होती.

ती कशी गेली ते सांगतो.

लढाईपायी जंगल आणि जनावरांच्या राखणीवरचा खर्च कमी करा, असा हुकूम आला. आमच्या साहेबांनी यादी माझ्यापुढं टाकली. वणव्याचे दोन पहारेकरी आणि तलावावरचे भाऊजी, तिघांतून एक काढायचा होता. साहेब नवे. यादी वाचून म्हणाले, "हा दादाजी तुमच्याच भागातला दिसतो. तुमचा कोणी लागतो का?"

मी म्हणालो, "नाही."

नात्यातल्या माणसाला जपतो, असं कोणी म्हणू नये म्हणून. नऊ वर्षांपूर्वी तलावाच्या राखणदाराची जागा काढावी, असा कागद मीच मांडला होता. साहेबांनी विचारलं, "मग कोणाला काढू?" मी भाऊजींच्या नावावर बोट ठेवलं. वर म्हणालो, "पाखरांचं वर्षभरात काय बिघडतं?"

राखणदार नाही, म्हणून तलावावरची शिकारबंदीही त्याच कागदानं उठली. तो कागद मीच लिहिला.

दिवाळीत मी आलो होतो, आठवतं? भाऊजी मला बांधावर घेऊन गेले. सारसाची जोडी पिल्लाला घेऊन चरत होती. मी म्हटलं, "भाऊजी, आता काहून येता इथं? कागद तर रद्द झाला."

ते म्हणाले, "कागद तुमच्या सरकारचा होता गा. पाखरायले कोन सांगते?"

तेव्हा सांगायला हवं होतं. मी विडी पेटवली.

तारा, पुढचं वाचणं तुला जड जाईल, पण थांबू नकोस.

दिवाळीनंतर महिन्याभरानं, त्या सकाळी मोटारीतून बंदुकवाले शिकारीला आले, तेव्हा भाऊजी कमरेइतक्या पाण्यात उतरून पाखरं उडवून लावत होते. छर्रे त्यांच्या छातीत बसले. आठव्या दिवशी गेले. बंदुकवाल्यांकडं परवाने होते, तलावावर बंदी नव्हती. पोलिसांनी अपघात लिहिला. तू प्रेताजवळ बसून मला विचारलंस, "बंदीच्या तलावावर बंदूक चालली कशी गा?" मी म्हणालो, "वरचा हुकूम." तू ते खरं मानलंस. आणि नंतर मलाच घोटभर चहा पाजलास.

काल मी साहेबांना सांगितलं, की तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता. ते म्हणाले, "तेव्हाच सांगायचं होतं. मी वणव्याचा एक पहारेकरी काढला असता."

एवढंच होतं, बाई. एक शब्द.

मी जागेवर येऊन बसलो, पण समोरच्या कागदावर सही होईना. सारस अजून तलावावर आहेत का, हे तुला विचारायचं मला धाडस नाही.

येत्या रविवारी मी येतो. कुहीपर्यंत मोटार मिळेल, पुढं पायी. तू माझं तोंड पाहिलं नाहीस तरी अंगणात बसेन. जे बोलायचं ते बोल. चार माणसांपुढं बोललीस तरी चालेल.

तुझा अपराधी,
रुपराव