कोंबड्यांवरचं ओरडणं

सुर्ला, रविवार

सौ. कमल हिस दत्तारामकडून पुष्कळ माया.

कंबर बरी आहे. ट्रक सध्या दुसरा माणूस चालवतो, मला खाणीच्या गेटवर बसून काम दिलंय. काळजी करू नको.

म्हापशाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मन रमलं की मेंदूत डोपामीन वाढतं, दुखणं जरा सोसवतं. सकाळी उन्हात चाला, आवडीचं ऐका. चालतो. भजनं लावून बघितली, पण कंबर काही ऐकेना.

मग तुझा जुना व्हॉइस मेसेज लावला. त्यात मध्येच तू कोंबड्यांवर ओरडतेस, "मेल्यांनू, सगळा भात खाल्लात!" हसताना कळ आली, तरी पुन्हा लावला.

आईचे गुडघे कसे आहेत?

फोनवर सांगायला लाज वाटते, म्हणून लिहितो. रोज एकदा ओरडून पाठव. कोंबड्या शहाण्या झाल्या असतील, तर माझ्यावर ओरड.

तुझाच,
दत्ताराम