तेविसावा प्रश्न

किंग्स्टन,
१४ फेब्रुवारी १९९४

ती. युलाली मावशीस,
जॅसिंथचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेली जायफळाची जेली पोचली. वसतिगृहातल्या जमैकन मुलींनी ती दोन दिवसांत संपवली आणि वर तुमच्या ग्रेनाडात दुसरं काही पिकतं का म्हणून मलाच चिडवलं. तब्येत बरी आहे. आईला सांग की मी जेवते आणि रविवारी चर्चमध्ये मिस्सासाठी जाते. यातलं पहिलं रोज खरं असतं.

तू विचारलंस की परीक्षेची परीक्षा घेणं ही काय पदवी झाली. बाजारात गिऱ्हाईक तराजू बघतं तसं आम्ही प्रश्नपत्रिका बघतो, एवढंच. ज्या मुलांना बाकीचा पेपर चांगला येतो, त्यांना कुठलाही एक प्रश्नही बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा यायला हवा. तो हुशार मुलांचाच चुकत असेल तर खोट मुलांत नाही, प्रश्नात आहे. ती खोट आकड्यांनी पकडायची.

माझ्या प्रबंधासाठी मी शिक्षक समितीची अकरा वर्षांच्या मुलांची गणिताची जुनी परीक्षा घेतली. चाळीसपैकी एकोणचाळीस प्रश्न शहाण्यासारखे वागले. तेविसावा नाही. 'एका ढिगात पाच आंबे. बाईंनी बाजारातून सहा ढीग घेतले. घरी किती आंबे आले?' आपल्या ग्रेनव्हिलच्या आसपासच्या चार शाळांत सगळ्यात चांगल्या मुलांनी एकतीस या उत्तरावर खूण केली आहे. राजधानीतल्या मुलांनी मात्र तीस. मी पुन्हा पुन्हा मोजलं. आकडे हटत नाहीत.

माझे मार्गदर्शक डॉ. पिनॉक म्हणतात की कारण सापडलं तर हा प्रबंध आहे, नाही सापडलं तर आकड्यांची रद्दी. प्रश्न ज्याने लिहिला त्याला विचार, असं त्यांचं म्हणणं. समितीच्या वहीत प्रत्येक प्रश्नापुढे लिहिणाऱ्याची आद्याक्षरं आहेत. तेविसाव्यापुढे यु. रे. आहे, आणि ते वळणदार अक्षर मी कुठेही ओळखीन.

मावशी, तू मुख्याध्यापिका होतीस त्या शाळेत एप्रिलमध्ये तुझी तसबीर लागणार आहे. तू म्हणालीस तर मी हा प्रश्न सोडून देते, दुसरा विषय घेते. एक वर्ष जास्त लागेल, एवढंच. मनापासून सांग.

तुझी माया आहे तशीच राहो, ही विनंती.
तुझी,
जॅसिंथ

—

ग्रेनव्हिल,
२६ फेब्रुवारी १९९४

चि. जॅसिंथ हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तो प्रश्न माझाच आहे. सहा पंचे तीस. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट आम्हाला पाढे उभं करून म्हणायला लावत, आणि चुकलं तर साऱ्या वर्गासमोर पहिल्यापासून. मी चौतीस वर्षं तसेच शिकवले. अकरा हे उत्तर मी बेरीज करणाऱ्यांसाठी ठेवलं होतं आणि एकतीस मोजताना घसरणाऱ्यांसाठी. चार शाळांतली मुलं घसरली असतील तर तिथल्या मास्तरांना विचारावं, मला नव्हे.

तसबिरीचं म्हणशील तर फ्रेम शिसवी केली आहे. फोटोत मी जरा रागावलेली दिसते, पण तुझी आई म्हणाली की मुलांनी मला तशीच पाहिली आहे, उगाच हसरी लावून त्यांना फसवू नये.

विषय बदलायचा की नाही ते तुझं तू ठरव. तू आता मोठी झालीस.

आशीर्वाद आहेतच.
मावशी

—

ग्रेनव्हिल,
५ मार्च १९९४

चि. जॅसिंथ,
अनेक आशीर्वाद, आणि मागच्या पत्राबद्दल जरा क्षमा.

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे. आज शनिवार. दुपारी बाजारातली आपली फळांची फळी आवरल्यावर तुझी आई माझ्याकडे कोको प्यायला आली. पाय बादलीत सोडून बसली होती. मी आठवडाभर तुझं पत्र उशीखाली ठेवून धुमसते आहे, हे तिला कळलं असावं. तिने विचारलं की कुणी गेलं का. मी म्हटलं, कुणी गेलं नाही, ताई, तुझी लेक माझं गणित काढते आहे. आणि तो प्रश्न तिला वाचून दाखवला.

तिने मान वर न करता सांगितलं, एकतीस.

मी म्हटलं, सहा पंचे तीस होतात. ती म्हणाली की पाढा तिलाही येतो, पण मी विचारलं होतं घरी किती आले. सहा ढीग घेणाऱ्या बाईच्या पिशवीत वरचा एक टाकला नाही तर पुढच्या शनिवारी ती आपल्या फळीसमोर उभी तरी राहील का? मग तिने मला विचारलं की मी इतकी वर्षं बाजार कुठे करते, स्वर्गात?

जॅसिंथ, मी हातातला पेला खाली ठेवला. लान्याप! ढीग मोजून झाला की वरचा एक. तुझी आजी द्यायची, ताई देते, चार गावांतली प्रत्येक बाई देते. तिथलं पोर चालायला लागण्याआधी फळीमागे बसून ते बघतं. राजधानीत दुकानात पिशवीबंद आंबे मिळतात, तिथे वरचा कुठून येणार? त्या मुलांना गुणाकार येत होता, आणि त्यापुढचंही येत होतं. त्यांना मी चूक दिली. आणि मी कोण, तर त्याच फळीमागची धाकटी मुलगी, जिला ताईच्या कष्टावर कॉन्व्हेंटचा गणवेश मिळाला. तिथे पांढरे मोजे घालायला शिकले आणि हे विसरले.

तुलाही सुचलं नाही, याचा मला थोडा आनंदच झाला. ताईचं म्हणणं आहे की घरात दोन शिकलेल्या बायका झाल्या, आता तिसरी झेपायची नाही.

तेव्हा प्रबंध हाच लिही. लिहिणारीचं नावही घाल, आद्याक्षरं नकोत. युलाली रेडहेड, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या परीक्षेत एका गुणाने हायस्कुलातली जागा हुकलेली माझ्याच वर्गातली दोन मुलं मला आठवतात. त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. ती मला पाठ आहेत.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
मावशी

—

किंग्स्टन,
१९ जून १९९४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

काल तोंडी परीक्षा झाली. मी पास झाले. आधी हे आईला मोठ्याने वाचून दाखव, मग पुढचं वाच.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दीड तास आकड्यांवरून छळलं. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं की हे वरच्या एका आंब्याचं सांगणारी तज्ज्ञ कोण. मी म्हटलं, श्रीमती इग्नेशिया रेडहेड, माझी आई, ग्रेनव्हिलच्या बाजारात बसते. डॉ. पिनॉक खाली बघून हसले. जमैकात याला ब्राटा म्हणतात, त्यांची आईही द्यायची, आणि दोन वर्षं मला शिकवून त्यांनाही सुचलं नव्हतं.

तू तसबिरीच्या समारंभात काय केलंस ते मला आपल्या चर्चच्या फादर फ्रेडरिकच्या पत्रातून कळावं? सगळ्या पाहुण्यांसमोर फळ्यावर तेविसावा प्रश्न लिहिलास, मुलांकडून उत्तर घेतलंस आणि आपलं चुकलं म्हणालीस. फादर लिहितात की मागच्या बाकावरच्या आया टाळ्या वाजवायला लागल्या. मी ते पत्र वाचनालयात वाचलं आणि तिथल्या बाईंना सर्दी झाल्याचं सांगितलं.

नव्या प्रश्नसमितीवर मला घेतलं आहे. सप्टेंबरात घरी येते. एक अट मी घातली आहे, ती आल्यावर सांगेन.

तुम्हा दोघींची,
जॅसिंथ

—

ग्रेनव्हिल,
१३ नोव्हेंबर १९९४

चि. जॅसिंथ,
अनेक आशीर्वाद.

तू काल राजधानीत अडकलीस म्हणून समितीची पहिली बैठक तुझ्याविना झाली. समितीवर बाजारातलं एक माणूस हवं, ही तुझी अट पाळली गेली. वृत्तांत पाठवते.

तुझी आई चर्चची निळी टोपी घालून आली. नेमकी शनिवारची बैठक, तेव्हा फळी शेजारणीवर सोपवावी लागली, म्हणून वाटभर कुरकुरत होती. आत आल्यावर खुर्चीच्या कडेला बसली. मला वाटलं, बोलायची नाही. पाचव्या प्रश्नाला बोलली. एका माणसाने ब्रेडफ्रूट किलोवर घेतलं असा प्रश्न होता. तिने तो लिहिणाऱ्या साहेबांना विचारलं की बाजारात नगावर मिळणारं ब्रेडफ्रूट त्यांनी स्वतः कधी वजनावर घेतलं आहे का. ते गडबडले. म्हणाले, बायको घेते. तर मग बायकोला विचारून या, असं सांगून ती पुढच्या पानाकडे वळली. साहेबांनी पेन्सिलीने प्रश्न खोडला. दुपारपर्यंत सात खोडले गेले. दोन माझे होते. मी वाद घातला आणि दोन्हीत हरले.

निघताना हजेरीपटावर सह्या होत्या. नाव, हुद्दा, पात्रता. सगळ्यांनी पदव्या लिहिल्या होत्या. मी तिच्याकडून पेन घेऊन स्वतः लिहायला हात पुढे केला, तिला अवघडू नये म्हणून. तिने माझा हात बाजूला केला. चष्मा नाकावर नीट बसवला आणि सावकाश, एकेक अक्षर वेगळं काढत, पात्रतेच्या रकान्यात लिहिलं: बाजारात बसते, एकेचाळीस वर्षं.

मग शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि पट पुढच्या माणसाकडे सरकवला.

आम्हा दोघींचा जीव तुझ्यात आहे, हे काही लिहायला नको.
तुझी,
युलाली मावशी