मूठ कशाची करावी

सोमवार, ४. सकाळी १०
हे निवृत्त झाल्याला आज एकसष्ट दिवस. एकसष्ट दिवस ओट्याशी उभे. नोकरीत जन्मभर दुकानांची वजनमापे तपासली, आता माझे चमचे तपासतात. मीठ टाकताना विचारले, अंदाजाने का? म्हटले, अंदाजानेच, बत्तीस वर्षे. त्यावर मान हलवली. अशी मान ते दंड करण्यापूर्वी हलवत असत.
मला ह्यांच्या सहवासाचा कंटाळा मुळीच नाही. तशी नोंद करून ठेवते.

सोमवार, दुपारी ३
देव आहे. रविवारी तळ्यावर गळ टाकण्याची स्पर्धा. पहिला नंबर येणाऱ्याला वर्षभर रोज सकाळी तळ्यावर फुकट प्रवेश. रोज. नऊ ते साडेबारा. मासा धरायचा, तोलायचा, परत पाण्यात सोडायचा, म्हणजे पापही नाही. (स्पर्धेच्या सेक्रेटरींना फोन करून दोनदा खात्री केली.)
अडचण एकच. ह्यांच्या रॉडच्या मुठीचा भुगा झाला आहे. हे म्हणाले, जाऊ दे, नाही गेलो तर काय बिघडले? मी म्हटले, असे कसे, नवी मूठ मी बसवते. नवऱ्याच्या छंदासाठी बायकोने एवढे करायलाच हवे. माझा ह्यात काडीचा स्वार्थ नाही.

मंगळवार, ५
रॉडच्या दुकानात गेले. दुकानदार बोलका. त्याने तीन मुठी समोर ठेवल्या. रबर: ओल्या हातातूनही निसटत नाही, पण जड. फोम: स्वस्त, मऊ, धुता येतो. कॉर्क: हलका, माशाने नुसते हुंगले तरी हाताला कळते.
फोम दाबून पाहिला. ओळखीचा वाटला. विचारले तर म्हणाला, बरोबर मावशी, स्लिपरचाच. मग कसला घ्यायचा? पायातली वस्तू हातात द्यायची आणि वर देवाकडे यश मागायचे? रबर जड, ह्यांचा खांदा दुखतो. राहता राहिला कॉर्क. पण कॉर्क म्हणजे दारूच्या बाटलीचे बूच. मी जायला निघाले. दुकानदाराने थांबवले आणि सांगितले की मुळात ती झाडाची साल आहे. साल म्हणजे वनस्पती. म्हणजे सोवळी.
तरी निर्णय देवावर सोडला. घरी येऊन तीन चिठ्ठ्या टाकल्या. फोम निघाला. परत टाकल्या. फोम. तिसऱ्यांदा कॉर्क. देव आधी परीक्षा बघतो, मग मनातले सांगतो.

बुधवार, ६
कॉर्कच्या चकत्या दुकानात फार महाग. साल ती साल. वरच्या मजल्यावरच्या सॅक्सोफोनवाल्याकडे बुचांचा डबा आहे हे साऱ्या बिल्डिंगला ठाऊक. जाऊन वीस मागितली. तो जरा गडबडला, म्हणाला, काकू, आणखी लागली तर सांगा, सोमवारपर्यंत होतील. सज्जन माणूस.
सात पाण्यांनी धुतली. उन्हात ठेवली. देवापुढे ठेवली. आता काही प्रश्न नाही.
चकत्या कापल्या. मध्ये भोक पाडायला सळई तापवली. तापलेली सळई बुचात शिरली आणि घरभर दारूचा वास सुटला. नेमकी तेव्हाच सूनबाई आली. दारातच थांबली, सासऱ्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि अगदी हळू म्हणाली, आई, निवृत्तीनंतर असे होते पुष्कळांचे, आपण डॉक्टरांशी बोलू. हे हसून हसून खाली बसले. सूनबाईला हस्तकलेची दृष्टी नाही.

गुरुवार, ७
काम इतके झकास चालले आहे की हातांना नाचावेसे वाटते. वीस चकत्या एकावर एक, पॉलिश पेपरने घासल्या, मऊ लोण्यासारख्या. जाडी किती ठेवावी ह्याची चर्चा नको. बत्तीस वर्षे झारा, कढई, लाटणे धरले आहे. मुठीतले मला कोण शिकवणार?
हे शेजारी बसून चकत्या मोजून देत होते. म्हणाले, तुझा हात फार स्थिर आहे गं. मी म्हटले, बोलू नका, एक चकती कमी मोजाल.
पुढेमागे हा उद्योग वाढवण्याचा विचार आहे. दुकानदारालाच मुठी पुरवीन.

शुक्रवार, ८
चिकटवणे. दुकानदाराने बजावले होते की इपॉक्सीच लावा. दोन नळ्या, मिसळा, वास, हातमोजे, शिवाय किंमत. मी मैद्याची खळ केली. माझ्या वह्यांची कव्हरे खळीनेच चिकटवलेली आहेत, एक सुटलेले नाही. दुकानदारांना विकायचे असते, आपल्याला टिकवायचे असते.

शनिवार, ९
चाचणी. रॉडला बादली टांगली, मूठ जराही हलली नाही. बादली रिकामी होती, भरलेली उचलायला माझी कंबर दुखते. पण तत्त्व तेच.
उद्यापासून वर्षभर. नऊ ते साडेबारा. नुसत्या विचाराने दोनदा चहा केला, दोन्ही वेळा साखर घालायची राहिली.

रविवार, १०. सकाळी ८
हे गेले. घरात काय शांतता आहे. मीठ अंदाजाने टाकले. खारट झाले, पण विचारले कोणी नाही.

रविवार, दुपारी २
हे आले. हातात मूठ. बाकीचा रॉड नाही.
झाले ते असे. सकाळभर हात ओले, मूठ ओली. मधे चिखल लागला म्हणून ह्यांनी ती तळ्यात बुडवून स्वच्छ धुतली. अकराला मोठा मासा लागला, इतका मोठा की सगळे बघायला धावले, पहिला नंबर नक्की होता. ह्यांनी दोन्ही हातांनी मूठ आवळली. मासा गेला, त्याच्यामागे रॉड गेला, रीळ गेले. सेक्रेटरी म्हणाले, निसटलेले मासे पुष्कळ पाहिले, निसटलेला रॉड आजच. कोणीतरी गमतीने मूठच तोलून वहीत मांडली. नव्वद ग्रॅम. शेवटून दुसरे आले.
निष्कर्ष: कॉर्क उत्तम. ह्यांच्या हातातली पकड शेवटपर्यंत सुटली नाही.

मंगळवार, १२
म्हटले, नवा रॉड घेऊ, मी पैसे देते. फोमची मूठ चालेल. स्लिपर तर स्लिपर.
हे म्हणाले, नको, मासे पुरे झाले. पाच दिवस तू माझ्यासाठी बसून काम केलेस, आपण इतका वेळ एकत्र कधी बसलो होतो? तळ्यावर सगळा वेळ घरचीच आठवण येत होती म्हणे.

संध्याकाळी स्वयंपाकघरासाठी खुर्ची घेऊन आले. हातांची, पाठीला गादी. ओट्यापासून दोन हातांवर ठेवली आहे. मी चारही पाय हलवून पाहिले. कुठेच सैल नाही.